पाय भिजू द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



महोदय, मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली नऊ वर्षं आयर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या वॉटरफोर्ड शहरात राहते आणि एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. परदेशात राहून गावाला अक्कल शिकवणाऱ्यांची पत्रं आपल्या कार्यालयात ढिगाने येत असतील. हेही त्याच ढिगात गेलं तर मी रुसणार नाही. फक्त एक फरक आहे. बहुतेक लोक तुमच्याकडे काहीतरी बांधून मागतात आणि मी काहीतरी न बांधण्याचं मागणं घेऊन आले आहे.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात जे खडक आहेत, ज्यांना नकाशात ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात आणि आमच्याकडे निवती रॉक म्हणतात, तिथे जेटी बांधू नका.

अशी कुठली योजना मंजूर झाली आहे असं माझं म्हणणं नाही. पण आपल्याकडे पर्यटन म्हटलं की आधी जेटी, मग पेव्हर ब्लॉक, मग सेल्फी पॉइंट, हा क्रम आता पाठ झालाय. त्यातच आपल्या खात्याने ‘गुलदार’चा प्रकल्प हाती घेतला आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका निवती रॉकच्या जवळ समुद्रतळाशी बसवायची, तिच्यावर प्रवाळ आणि मासे वस्तीला येऊ द्यायचे आणि लोकांना पाण्याखाली नेऊन ती दाखवायची. कल्पना मला मनापासून आवडली. बुडालेल्या लोखंडाभोवती मासे जमतात हे आमच्या तांडेलांना शाळेत न जाताही ठाऊक असतं. मला धास्ती आहे ती पाण्यावरच्या भागाची. गुलदार बघायला माणसं दहा-बारा किलोमीटर आत येणार, समोर दीपगृह दिसणार, शेजारी काळे खडक दिसणार आणि कोणीतरी म्हणणारच, ‘आता आलोच आहोत तर जरा उतरूया की!’

त्या ‘जरा उतरूया’बद्दल हे पत्र आहे.

वॉटरफोर्डहून पूर्वेला जायचं तर मध्ये नद्यांची रुंद खाडी लागते. वळसा घालून गेलं तर तास मोडतो, म्हणून पॅसेज ईस्ट या खेड्यातून पलीकडच्या बॅलीहॅकला गाड्यांसकट नेणारी फेरीबोट आहे. आपल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीची सख्खी बहीण. पाच-दहा मिनिटांत पलीकडे उतरलं की वेक्सफर्ड जिल्हा सुरू होतो आणि पुढे किलमोर की हे मासेमारीचं बंदर येतं. गवताने शाकारलेली पांढरी घरं, धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे, डिझेल आणि मासळीचा एकत्र वास. पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा डोळे मिटून उभी राहिले. वासापुरती वेंगुर्ल्याच्या बंदरातच होते.

या बंदरासमोर सुमारे पाच किलोमीटरवर दोन बेटं आहेत, धाकटं सॉल्टी आणि थोरलं सॉल्टी. थोरलं म्हणजे तरी केवढं? ८९ हेक्टर. त्यावर गाव नाही, दुकान नाही, चहाची टपरी नाही. पक्षी मात्र इतके की वाऱ्याची दिशा बदलली तर बेट दिसण्याआधी त्यांचा वास येतो.

दोनदा ठरवून जाणं झालं नाही. सकाळी सातला नावाड्याचा फोन, आज नाही. बाहेर लख्ख ऊन. मी म्हटलं, वारा तर काहीच नाही. तो म्हणाला, वारा नाहीच, पण कालच्या वाऱ्याची लाट अजून आहे, उतरता येणार नाही. फोन ठेवला आणि मला माझा मामा आठवला. ऐन मे महिन्यात, आरशासारख्या समुद्राकडे बघत तो असंच म्हणायचा, ‘आज नाय जावचा.’ कारण विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. नावाड्याचा नकार हीच बेटाची पहिली चौकी असते, हे तेव्हा कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आई सोबत होती. ती सत्तरीची, गुडघे गेलेले, दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. बोटीत आम्ही बाराजण. बाराच का, तर अशा छोट्या प्रवासी बोटींना तिथे बारापेक्षा जास्त माणसांचा परवानाच मिळत नाही. तेरावा कितीही पैसे देऊन गयावया करू दे, त्याला धक्क्यावरच राहावं लागतं.

थोरल्या सॉल्टीला जेटी नाही. बोट थोडी अलीकडे थांबते, माणसं रबरी होडीत उतरतात आणि ती होडी त्यांना दगडगोट्यांच्या किनाऱ्याला नेऊन सोडते. शेवटची दोन-तीन पावलं पाण्यात. नशीब चांगलं असेल तर घोट्यापर्यंत, नसेल तर गुडघ्यापर्यंत. पाणी किती गार ते इथे लिहून कळणार नाही. तोंडातून शब्द फुटेना. शिवाय शेवाळलेले गोटे. आईने एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि बोटीतच मांडी ठोकली.

इथे माझ्या मागण्यातली कच्ची बाजू मीच सांगून टाकते, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला शोधावी लागणार नाही. जेटी नसली की म्हातारी माणसं राहतात, कुबडीवाली, चाकाच्या खुर्चीवाली राहतात, कडेवर मूल असलेली बाई राहते. हा अन्याय आहेच. माझी आईच त्यात सापडली. मी खिन्न होऊन बेटावर चढले.

दुपारी बोटीत परतले तर आई माझ्यापेक्षा जास्त बघून बसली होती. आम्हाला सोडल्यावर नावाड्याने तिला बेटाच्या कडेकडेने फिरवलं होतं. सरळसोट कड्यांवर फळीवर बाटल्या मांडाव्यात तशा उभ्या राहिलेल्या गिलमट पक्ष्यांच्या रांगा तिने खालून बघितल्या. त्या वरून मुळात दिसतच नाहीत. राखाडी सील पाण्यातून डोकं काढून तिच्याकडे बघत होते. आणि पफिन. कबुतराहूनही लहान पक्षी, काळा कोट, पांढरं पोट, चोच लाल-पिवळी-करडी. बोटीजवळ पाण्यावर डुलत होते. आई म्हणाली, ‘ह्यांची चोच गणपतीच्या शाळेत रंगवल्यानी काय?’ मग थोडा वेळ गप्प बसून, ‘ह्या पाखरांका हय कोण काय करणा नाय?’

नाही, कोणी काही करत नाही.  इथे या बेटाच्या मालकाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मायकेल नील नावाच्या शेतकरी कुटुंबातल्या गृहस्थाने डिसेंबर १९४३ मध्ये ही बेटं विकत घेतली आणि १९५६ मध्ये स्वतःला ‘सॉल्टीचा राजपुत्र’ म्हणून अभिषेक करवून घेतला. बेटावर चुनखडीचं सिंहासन आहे, ते त्यांनी आईच्या स्मरणार्थ उभारलं. ओबडधोबड रानात मध्येच हे सिंहासन! आपल्याकडे असं कोणी केलं असतं तर आधी हसलो असतो आणि मग सात-बारा तपासला असता. पण या हौशी राजाने दगडावर कोरून ठेवलेली गोष्ट विचार करायला लावते. सगळ्यांनी यावं, बघावं, आनंद घ्यावा आणि पुढच्या पिढ्यांसाठी बेट होतं तसं सोडून जावं, अशा अर्थाची ती आहे. नील १९९८ मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाने ती रीत चालू ठेवली आहे. दिवसा या आणि दुपार कलायच्या आत परत जा. मुक्काम नाही, तंबू नाही.

आणि माणसं ऐकतात. बेटावर ना रखवालदार, ना शिट्टी. पायवाटेवरून चालायचं, कारण पफिन जमिनीत बीळ करून त्यात एकच अंडं घालतो आणि वाट सोडून गवतात पाय टाकला तर खालचं छप्पर कोसळतं. हे बोटीत बसतानाच सांगितलं जातं. बेटाच्या दक्षिण टोकाला गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे. पंख पसरले तर पावणेदोन-दोन मीटर भरतील असे हे पांढरे धिप्पाड पक्षी. १९२९ मध्ये त्यांचं पहिलं जोडपं इथे घरटं करायला आलं, आज ते हजारांनी आहेत. आम्ही त्यांच्यापासून वीसेक फुटांवर बसून डबा खाल्ला. भाजणीचं थालीपीठ. एकही गॅनेट उठला नाही, एकानेही आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आपण कोणाच्या खिजगणतीत नसण्यात एवढं सुख असतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आता आमच्या खडकांकडे येते.

मी नऊ-दहा वर्षांची असताना पावसाच्या तोंडावर मामाबरोबर निवती रॉकला गेले होते. मामा मासे मारायला निघाला होता आणि मी हट्टाने बसले. खडकावर सुरय पक्ष्यांचा असा कालवा होता की मामाला ओरडून बोलावं लागत होतं. उतरताना तोही गुडघाभर पाण्यात आणि मी त्याच्या खांद्यावर. खडकाच्या खोबणीत ठिपक्यांची अंडी पडलेली. आम्ही आठ-दहा उचलली, मामाच्या टोपीत घालून घरी आणली. आजीने उकडली. मासळीचा असा उग्र दर्प आला की कोणीच खाल्ली नाहीत, माडाच्या आळ्यात गेली. मामाला त्यात पाप वाटलं नाही, मलाही नाही. त्या आठ-दहा अंड्यांचा हिशोब मात्र सॉल्टीच्या कड्यावर बसून थालीपीठ खाताना अचानक समोर आला.

हे खडक म्हणजे विसेक लहानमोठ्या बेटांची साखळी आहे. दीपगृहाचा खडक वेगळा आणि ज्याला बर्न्ट आयलंड म्हणतात तो वेगळा. या दुसऱ्या बेटाच्या गुहेत पाकोळ्या राहतात. भारतीय पाकोळी, चिमणीएवढीही नाही. अंधाऱ्या गुहेत ती तोंडाने टिकटिक आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, वटवाघळासारखी. घरटं बांधते ते आपल्या लाळेने. लाळ सुकली की गुहेच्या भिंतीला चिकटलेली एक छोटी वाटी तयार होते. त्या वाटीचं सूप करून पिण्याची चाल आग्नेय आशियात आणि चीनमध्ये आहे आणि त्याला पैसाही तसाच मिळतो. म्हणून ही घरटी चोरली जात. घरटं गेलं की पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरं बांधते. तेही गेलं की तिसरं.

या पक्ष्यांसाठी १८७५ च्या सुमारास अ‍ॅलन ह्यूम आमच्या खडकांवर येऊन गेले. हो, तेच ह्यूम. काँग्रेस स्थापन व्हायला अजून दहा वर्षं होती, तेव्हा साहेब वेंगुर्ल्याच्या समुद्रात पाकोळ्या मोजत फिरत होते. पुढे हुमायून अब्दुलालींनी १९४० च्या आसपास इथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर लिहिलं. आणि या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, घरट्यांची चोरी थांबवायचं काम अंगावर घेतलं. आज पाकोळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याने तिला वाघाच्या पंगतीला बसवलं आहे. वाघाच्या गुहेत मात्र कोणी सेल्फी काढायला जात नाही.

माझी अडचण अशी की पाकोळीचा विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे आणि कोकणातला पर्यटनाचा हंगामही तोच. समुद्र शांत असतो तेव्हाच ती अंडी घालते आणि समुद्र शांत असतो तेव्हाच आपण फिरायला निघतो. जूनमध्ये समुद्र बंद. म्हणजे पाकोळीची सुटी आणि आपली सुटी एकमेकींच्या उरावर बसलेल्या आहेत. तारखा बदलून हे सुटणारं नाही.

आयर्लंडमध्येही हीच अडचण आहे. पफिन एप्रिलमध्ये येतात आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत निघून जातात. तोच लोकांच्या फिरण्याचा काळ. मग ते काय करतात? केरी जिल्ह्यातल्या स्केलिग मायकेलचं उदाहरण घ्या. समुद्रातून उठलेला सुळका, वर ख्रिस्ती संन्याशांचा हजार वर्षांहून जुना मठ, १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्यावर ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण झालं आणि अर्ध्या जगाला तिथे जावंसं वाटू लागलं. आपण असतो तर रोपवेचं टेंडर निघालं असतं. त्यांनी उतरू देणाऱ्या बोटींचे परवाने पंधरा ठेवले. प्रत्येक बोटीत बारा माणसं. पंधरा बारे एकशेऐंशी. दिवसाला सुमारे १८० माणसं, मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि तीही समुद्राने परवानगी दिली तर. गर्दी हटवायला पोलीस लागत नाहीत, होडीच्या लांबी-रुंदीतच ती अडते. परवाना मिळालेल्या नावाड्याला या आकड्याचा तोटा झाला नाही, उलट त्याची जागा महिनोन्‌महिने आधी भरू लागली.

माझ्या मनातलं गणित हे आहे. निवती, वेंगुर्ला, भोगवे इथल्या मच्छीमारांनाच परवाने द्या. मुंबई-पुण्याच्या कंपनीला नकोत. होड्या मोजक्या, माणसं मोजकी, स्पीकरला बंदी. दोन वर्षांपूर्वी सुटीत आले होते तेव्हा किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत बसले होते, त्या बोटीत गाणी इतक्या जोरात लावली होती की डॉल्फिन सोडा, शेजारी बसलेल्या आईचंही ऐकू येत नव्हतं. बर्न्ट आयलंडवर पर्यटकाने पाय ठेवू नये, कधीच. तिथे अभ्यासक जावेत आणि वनखात्याचे लोक. बाकीच्यांना होडीतून खडकांभोवती फिरवा. माझ्या आईसारखं. गुडघे दुखणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवाल्यांना निवतीच्या किनाऱ्यावर होडीत चढायची सोय करा, तिथे काँक्रीट ओता, रॅम्प करा, हात धरणारी माणसं नेमा. सगळा खर्च त्या टोकाला करा. या टोकाला खडक जसा आहे तसा राहू द्या. बसल्या जागी सगळं दिसतं, ही साक्ष माझ्या घरातच आहे.

आणि तांडेल ‘आज नाय’ म्हणाला तर त्याची मजुरी बुडू नये अशी काहीतरी व्यवस्था करा. हा मुद्दा लहान वाटेल, पण सगळं त्यावर टेकलेलं आहे. फेरी रद्द झाली की ज्याच्या घरची चूल अडते तो माणूस खवळलेल्या समुद्रातही होडी काढतो आणि खडकाला लावतो. पर्यटकाने हजार रुपये जास्त दाखवले की गुहेच्या तोंडापर्यंतही नेतो. दोष त्याचा नाही. माझा मामा गेला असता की नाही, छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

हे सगळं करायला आयर्लंडचं तिकीट काढायची गरज नाही, हेही लिहून ठेवते. मंडणगडजवळच्या वेळासला जा. तिथे समुद्री कासवांची घरटी राखायचं काम याच चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. माणसं गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात, सकाळ-संध्याकाळ दोरीच्या अलीकडे उभी राहून पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. दोरी साधी, सुती. ती ओलांडणाऱ्याला गावातली बाईच हटकते, कारण त्या पिल्लांवर तिचं घर चालतं. सॉल्टीवर बसले असताना मला हीच दोरी आठवत होती.

वॉटरफोर्डच्या दक्षिणेला डनमोर ईस्ट नावाचं बंदर आहे. मी दर वसंतात एकदा तरी तिथे जाते. बंदराच्या अगदी डोक्यावरच्या कड्यात किटिवेक नावाचे समुद्री कुरव घरटी करतात. खाली मासेमारीच्या बोटी, बर्फाचे ट्रक, गाड्यांचं पार्किंग आणि वर शेकडो पक्ष्यांचा कलकलाट. गाड्यांच्या टपावर पांढरी रांगोळी पडते. लोक वैतागतात, गाडी धुतात आणि पुन्हा तिथेच लावतात. मला हे फार आवडतं. पक्षी सांभाळायचे म्हणजे माणसाने हटायचंच, असं मी कधीच म्हटलेलं नाही. आम्ही कोकणातली माणसं, समुद्रावर जगणारी. खडकांकडे जाऊ नका असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण अंगणापर्यंत जाणं आणि घरात शिरणं यातला फरक आमच्या गावात लहान पोरालाही कळतो.

तेव्हा गुलदार जरूर दाखवा. तिच्यासाठी पाणबुडीही आणा, माझी हरकत नाही. फक्त वर, उन्हात, त्या काळ्या खडकांवर काही उभारू नका, अगदी नावाची पाटीसुद्धा नको.

आपण स्वतः पाहायला येणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात या. पाकोळीची वीण तेव्हा सुरू झालेली नसते. मामा आता थकला, पण त्याचा मुलगा होडी काढतो. तो सकाळी सहाला निवतीच्या पुळणीवर उभा राहील, पाण्याकडे बघेल आणि जायचं की नाही ते सांगेल. ‘नाय’ म्हणाला तर कृपया आग्रह करू नका, मंत्री म्हणून तर नकोच. ‘हो’ म्हणाला तर चपला हातात घ्या. आणि येताना एक जादा पँट घेऊन या.

कळावे,

आपली,
वेंगुर्ल्याची एक माहेरवाशीण,
मुक्काम वॉटरफोर्ड